किडनीच्या कॅन्सरच्या फाइलीत हार्मोनची गोळी काय करते?

ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटला टॅमोक्सिफेन नाहीतर लेट्रोझोल ही हार्मोन अडवणारी गोळी वर्षानुवर्षं चालते, प्रोस्टेटच्या कॅन्सरला दर काही महिन्यांनी हार्मोन दाबायचं इंजेक्शन असतं, हे आता घरोघरी माहीत झालंय, त्यामुळे ज्यांच्या घरी किडनीचा कॅन्सर निघतो ते लोक पण हटकून विचारतात की मग आमच्या पेशंटला हार्मोनची ट्रीटमेंट का नाही दिली? नागपुरात तर हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो. इथं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, पेशंट गडचिरोली-चंद्रपूरहून येतात, तिकडून बालाघाट-छिंदवाड्याहून पण येतात, आणि ओपीडीच्या बाकावर तासन्‌तास बसलेले नातेवाईक दुसरं काही नसलं की एकमेकांच्या फाइली वाचतात. "तुमच्या बाईले नुसत्या गोळीवर ठेवलं, आमच्या बुढ्याले काहून नाही जी?" याचं उत्तर द्यायला डॉक्टरला दोन मिनिटं पण मिळत नाहीत, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर हवं असेल तर ते "नाही" असं आहे. किडनीचा कॅन्सर मारायला किंवा थांबवायला आज हार्मोनचं औषध वापरत नाहीत. पण एकेकाळी वापरायचे, चांगली तीसेक वर्षं वापरलं, मोठमोठ्या हॉस्पिटलांत वापरलं, आणि ते का सुरू झालं नि का बंद पडलं ही गोष्ट खरंच ऐकण्यासारखी आहे.

हार्मोन आणि कॅन्सरचं नातं जुनं. १८९५ मध्ये जॉर्ज बीटसन नावाच्या स्कॉटिश सर्जननं ब्रेस्ट कॅन्सर पसरलेल्या बाईच्या ओव्हरीज काढल्या आणि गाठी आक्रसल्या. १९४१ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेट कॅन्सरमध्ये वृषणं काढून तसंच करून दाखवलं, पुढं १९६६ ला त्यांना त्याचं नोबेल मिळालं. म्हणजे त्या काळच्या डॉक्टरांच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं होतं की काही कॅन्सर हार्मोनवर जगतात, हार्मोन तोडा, कॅन्सर मरतो. किडनीच्या बाबतीत शंका यायला अजून एक कारण होतं, हा कॅन्सर बायकांपेक्षा पुरुषांना साधारण दुप्पट होतो. याला सिगरेट-बिडी जबाबदार आहे, बीपी आहे, लठ्ठपणा आहे, पण तेवढ्यानं सगळा फरक भरून निघत नाही, मग हार्मोनचा संशय येणारच ना.

आणि मग आला हॅमस्टर. उंदराचा गुबगुबीत भाऊबंद, लॅबमध्ये पाळतात तो. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की नर हॅमस्टरच्या कातडीखाली इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनसारख्या औषधाची गोळी ठेवली आणि काही महिने थांबलं की त्याच्या दोन्ही किडन्यांमध्ये गाठी येतात. मादीला येत नाहीत, कारण तिच्या अंगात तिचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे दुसरं बायकी हार्मोन, असतं, पण ओव्हरीज काढल्या की तिला पण येतात! वर आणि इस्ट्रोजेन थांबवलं की गाठ आकसते, प्रोजेस्टेरॉन दिलं की वाढ मंदावते. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणाला काय पाहिजे? लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलमधले डॉ. ब्लूम यांनी हे प्रयोग पुढं नेले आणि १९६० च्या दशकात माणसांना मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन द्यायला सुरुवात केली. हे नाव अवघड वाटत असलं तरी औषध आपल्या ओळखीचं आहे, सरकारी दवाखान्यात बायकांना दर तीन महिन्यांनी पाळणा लांबवायला जे 'अंतरा' इंजेक्शन देतात ना, तेच.

सुरुवातीचे रिझल्ट भारी होते. शंभरातल्या पंधरा-सोळा पेशंटना फायदा झाला असे रिपोर्ट आले. आज हा आकडा फालतू वाटेल, पण तेव्हाची हालत बघा, किडनीच्या कॅन्सरवर केमोथेरपी चालत नव्हती, अजूनही फारशी चालत नाही, रेडिएशननं दुखणं कमी व्हायचं तेवढंच, आणि ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या पेशंटला डॉक्टरकडे द्यायला काहीच नव्हतं. अशा वेळी एक गोळी, जिचे साइड इफेक्ट पण फार नाहीत, ती शंभरात सोळा जणांना लागू पडते म्हटल्यावर कोण नाही देणार. मी ब्लूम यांना दोष देत नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मी पण दिली असती.

गडबड मोजण्यात होती. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी तोपर्यंतचे सगळे रिपोर्ट एकत्र करून पाहिले. १९७१ च्या आधीच्या अभ्यासांत यशाचं प्रमाण १७ टक्के आणि नंतरच्या, जिथं गाठीचं माप कडक नियमानं घेतलं तिथं फक्त २ टक्के! औषध तेच, फक्त पट्टी कडक झाली. आधी "पेशंटला बरं वाटतंय, भूक लागते, वजन वाढलं" हे सगळं यशात धरलं जायचं, आणि खरी मेख इथंच आहे, कारण प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या औषधांनी भूक खरंच वाढते, वजन पण खरंच वाढतं. म्हणजे पेशंट खोटं बोलत नव्हता, डॉक्टर पण नाही, माणूस खरंच दोन पोळ्या जास्त खात होता, फक्त आतली गाठ तिथल्या तिथंच होती. त्यात हा कॅन्सर लहरी. कधी कधी वर्षभर हलत नाही, आणि शंभरात एखाद्यापेक्षाही कमी पेशंटमध्ये फुफ्फुसातल्या गाठी काही न करता आपोआप विरघळल्याच्या नोंदी आहेत. अशा कॅन्सरमध्ये कोणतीही गोळी द्या, चार-दोन जणांना "गुण" येणारच, आणि त्यांचंच नाव सगळीकडे होणार. आपल्याकडे जडीबुटीवाल्यांचं दुकान याच चार-दोन जणांवर चालतं बाप्पा.

मग टॅमोक्सिफेन देऊन पाहिलं, जास्त डोसमध्ये पण पाहिलं. पुरुषी हार्मोन अडवणारं फ्लुटामाइड पाहिलं. ऑपरेशन झाल्यावर कॅन्सर परत येऊ नये म्हणून वर्षभर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन देणारी इटलीतली ट्रायल झाली, तिचा निकाल १९८७ ला आला, औषध घेणारे आणि न घेणारे दोघांत कॅन्सर परत यायचं प्रमाण सारखंच. शेवटचा खिळा १९९९ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या ट्रायलनं ठोकला. ३३५ पेशंट, अर्ध्यांना इंटरफेरॉन (प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध), अर्ध्यांना रोज मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. एक वर्षानंतर इंटरफेरॉनवाले ४३ टक्के जिवंत होते, हार्मोनवाले ३१ टक्के. इंटरफेरॉन काही फार गुणाचं औषध नव्हतं, ताप आल्यासारखं अंग मोडून जायचं, तरी हार्मोन त्याच्याही मागं पडलं. गंमत बघा, या ट्रायलमध्ये हार्मोन होतं ते तुलनेसाठी, म्हणजे तोपर्यंत डॉक्टरांनीच त्याला जवळपास निरुपद्रवी भरतीची गोळी मानलेलं होतं.

हॅमस्टर खोटा नव्हता, तो वेगळा होता. त्याच्या किडनीच्या पेशींमध्ये हार्मोन पकडणारे रिसेप्टर भरपूर असतात, माणसाच्या किडनीच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर क्वचित आणि थोडेच सापडतात. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये गाठीचा तुकडा काढून आधी रिसेप्टर तपासतात आणि ते निघाले तरच टॅमोक्सिफेनचा विचार करतात, किडनीत ती तपासणी करतच नाहीत ती याच्यामुळे. माणसाचं गणित कळलं ते १९९३ मध्ये, व्हीएचएल नावाचा जीन सापडल्यावर. किडनीच्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार क्लिअर सेल, चारातले साधारण तीन पेशंट याचे, आणि त्यातल्या बहुतेकांत हा व्हीएचएल बिघडलेला असतो. त्याचं काम पेशीत ऑक्सिजन पुरेसा असला की एचआयएफ नावाचं प्रोटीन नष्ट करायचं. तो बिघडला की गच्चीवरची टाकी भरली तरी मोटर बंदच होत नाही तसं होतं, ऑक्सिजन भरपूर असूनही पेशीला वाटतं की आपण गुदमरतोय, मग ती नवीन रक्तवाहिन्या मागवत राहते, गाठीला रक्त मिळत राहतं, गाठ वाढत राहते. पेशीला ऑक्सिजन कसा कळतो हे शोधणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. औषधं पण याच रस्त्यानं आली, आधी रक्तवाहिन्या रोखणारं सुनिटिनिब, पाझोपॅनिब, मग प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारी इम्युनोथेरपी, निव्होलुमॅब वगैरे, आणि एचआयएफलाच पकडणारं बेल्झुटिफान.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की हार्मोनचा विषय संपला. पण पेशंटची फाइल उघडा, हार्मोनची गोळी तिथं बऱ्याचदा असते! आणि खरा घोळ इथंच होतो.

आमच्या गल्लीतल्या एका काकाजींना सुनिटिनिब सुरू होतं. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि हा माणूस कूलरसमोर बसायला तयार नाही, अंगावर शाल, आवाज बसलेला, पोट साफ होत नाही, दिवसभर नुसते पडून. काकू म्हणे कॅन्सर वाढला म्हणून असं होतंय. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढतो तो हार्मोन, चांगलाच वाढलेला निघाला. सुनिटिनिबनं थायरॉइड मंदावणं ही एकदम कॉमन गोष्ट आहे, म्हणून ते सुरू असताना मधूनमधून टीएसएच बघतात. थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडलेलं थायरॉइडचं हार्मोन भरून काढणारी गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. मेडिकलवाल्या पोरानं सांगितलं ही थायरॉइडची आहे, तर काकू तिथंच म्हणाल्या, "आमच्याले थायरॉइड नाही जी, किडनीचा कॅन्सर आहे, तू चुकीची देऊन राहिला." पोरगा बिचारा चिठ्ठी दाखवून दाखवून थकला. दीड-दोन महिन्यांनी काकाजी परत चौकात तर्री-पोहे खाताना दिसले, ती कमाल थायरॉक्सिनची, कॅन्सरवर तिनं काहीच केलेलं नव्हतं.

इम्युनोथेरपीत हे अजून एक पायरी पुढं जातं. चेतवलेली प्रतिकारशक्ती कधी थायरॉइडवर हल्ला करते, कधी मेंदूखालच्या पिट्युटरीवर, कधी किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीवर, क्वचित इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर. अॅड्रिनल नाहीतर पिट्युटरी गेली की शरीरातलं कॉर्टिसोल नावाचं हार्मोन आटतं आणि मग हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बहुतेकदा जन्मभराची. ही शरीरात कमी पडलेलं भरून काढणारी गोळी आहे, "स्टेरॉइड वाईट असतं" असं कोणीतरी सांगितलं म्हणून मनानं बंद केली तर बीपी कोसळून पेशंट थेट आयसीयूत जातो. ताप आला, उलट्या सुरू झाल्या तर डोस वाढवावा लागतो, तो किती आणि कसा हे डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या, रात्री दोन वाजता विचारायला कोणी सापडत नाही. ऑपरेशनमध्ये किडनीसोबत एका बाजूची अॅड्रिनल काढली असेल तर घाबरू नका, दुसरी एकटी सगळं काम करते.

आणि शेवटी ती जुनी मंडळी, प्रोजेस्टेरॉनच्या जातीतली. मेजेस्ट्रॉल अजून मिळतं आणि कॅन्सरच्या पेशंटला जेवण जात नसेल तर लिहून पण देतात, म्हणजे जो साइड इफेक्ट १९६० च्या दशकात डॉक्टरांना चकवून गेला तोच आता कामाला लावलाय. वाढलेलं वजन मात्र जास्त करून चरबीचं आणि पाण्याचं असतं, स्नायू भरत नाहीत, त्यामुळे हातपायांत ताकद येईलच असं नाही. दुसरी भानगड अशी की हे औषध रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढवतं, आणि किडनीचा कॅन्सर आधीच किडनीच्या शिरेत, तिथून पोटातल्या मोठ्या शिरेत शिरायला बदनाम. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'आयव्हीसी थ्रॉम्बस' (त्या मोठ्या शिरेतली गुठळी) असं काही लिहिलेलं असेल, किंवा एक पाय सुजून दुखत असेल, आणि कोणी भुकेसाठी मेजेस्ट्रॉल लिहून दिलं असेल, तर दुकानात जाण्याआधी तो रिपोर्ट घेऊन ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला, एकदा भेटाच.