मक्याच्या केसांचा चहा

मक्याच्या कणसावर येणारे रेशमासारखे तंतू वाळवून, क्वचित ताजेच, पाण्यात उकळून केलेले पेय. कोरियात ते ‘ओकसुसू-सूयम-चा’ या नावाने घरोघरी परिचित आहे. ‘ओकसुसू’ म्हणजे मका आणि ‘सूयम’ म्हणजे दाढीमिशा. भाजलेल्या दाण्यांपासून होणारा ‘ओकसुसू-चा’ हा याहून वेगळा. चीनमध्ये या केसांना ‘यूमीश्यू’ आणि जपानमध्ये ‘नानबानमो’ म्हणतात. चहाच्या झुडपाशी या पेयाचा काही संबंध नाही, त्यामुळे त्यात कॅफीनही नसते.

हे केस म्हणजे मक्याच्या स्त्री-फुलांचे लांबलेले किंजल (दांडे) व किंजल्क (पराग झेलणारे भाग) होत. प्रत्येक केसाचे मूळ कणसावरील एकेका किंजपुटात (अंडाशयात) असते. तुऱ्यातून पडलेला पराग केसाला चिकटून फलन झाले, तरच त्या जागी दाणा भरतो. कोवळे कणीस सोलून पाहिल्यास सालांच्या आतला केस फिकट हिरवट-पांढरा, ओलसर व जवळजवळ पारदर्शक दिसतो, तर बाहेर लोंबणारे टोक फलनानंतर तपकिरी होऊन सुकलेले असते. पेयासाठी आतला भाग घ्यावा. केसांत पोटॅशियमचे क्षार, फ्लॅव्होनॉइडे, टॅनिने व स्टेरॉले आढळतात. त्यांपैकी ‘मेसिन’ या फ्लॅव्होनाकडे लक्ष वेधले गेले ते औषध म्हणून नव्हे, तर कणसे पोखरणाऱ्या अळीला रोखणारे द्रव्य म्हणून (१९७९).

या केसांच्या औषधी वापराचा आरंभ वादग्रस्त आहे. चीनच्या युन्नान प्रांतातील वैद्य लान माओ (१३९७–१४७६) यांच्या नावावर असलेल्या ‘द्यानान बेन्त्साओ’ या ग्रंथात मक्याच्या केसांची नोंद सापडते आणि ती स्तनांची सूज व दूध अडणे यांवरील उपाय म्हणून आहे. नोंद मूळची असेल, तर मका कोलंबसाच्या आधीच चीनमध्ये होता, असे मानावे लागेल, आणि काही अभ्यासकांनी तसे मानलेही आहे. परंतु या ग्रंथाच्या आज हाती असलेल्या प्रती बऱ्याच उत्तरकालीन असून त्यांत मागाहून भर पडल्याचे दिसते. त्यामुळे ही नोंद प्रक्षिप्त समजणेच अधिक सयुक्तिक वाटते. चिनी वैद्य ली शिजेन यांच्या ‘बेन्त्साओ गांगमू’ या औषधिग्रंथामध्ये (मुद्रण १५९६) मक्याच्या कणसावर लोंबणाऱ्या पांढऱ्या दाढीचे वर्णन आहे, मात्र लघवीच्या खड्यांवर व अडखळत होणाऱ्या लघवीवर तेथे सांगितलेला काढा मुळांचा व पानांचा आहे, केसांचा नाही. म्हणजे केस मूत्रल (लघवी वाढवणारे) म्हणून वापरण्याची आज सर्वत्र सांगितली जाणारी परंपरा निदान या ग्रंथापर्यंत मागे नेता येत नाही. कोलंबसाच्या आधी मका आशियात होता का, हा वाद भारताबाबतही झाला आहे : कर्नाटकातील सोमनाथपूर येथील तेराव्या शतकातील होयसळ मंदिराच्या मूर्तींच्या हातांत मक्याची कणसे आहेत, असे मत जोहानेसन व पार्कर या अभ्यासकांनी १९८९ मध्ये मांडले; पायक व सचान यांनी १९९३ मध्ये ते खोडून काढले. मका अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात आशियात आला, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे.

घरी करताना केस साधारणतः दुधाळ दाण्यांच्या कणसाचे घेतात. तपकिरी टोके कापून टाकावीत, केस झटपट धुऊन सुती कापडावर विरळ पसरावेत आणि वाऱ्याच्या जागी सावलीत दोन-चार दिवस वाळवावेत. ते दाट पसरले तर आत ओल राहून बुरशी येते. मुठीत चुरल्यावर कुरकुरले म्हणजे वाळले असे समजावे. एक लिटर पाण्यात वाळलेल्या केसांची सैल मूठ टाकून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळावे व गाळून घ्यावे. रंग फिकट सोनेरी येतो आणि वास उकडलेल्या कणसाच्या पाण्यासारखा. नुसत्या केसांची चव फार पुसट असल्याने कोरियात त्यांच्या जोडीला भाजलेले मक्याचे दाणे घालण्याची रीत आहे. पेय गरम किंवा गार, साखर न घालता घेतात. बाटलीबंद स्वरूपात ते कोरियात २००६ पासून विशेष लोकप्रिय झाले.

हे पेय सौम्य मूत्रल मानले जाते. रक्तशर्करा व रक्तदाब यांवरील परिणामांचे पुरावे मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत. मूत्रल, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेऊ नये. मक्याची ॲलर्जी असल्यास ते वर्ज्यच.

महाराष्ट्रात पावसाळ्यात कणसे भाजताना केस सालींबरोबर टाकले जातात किंवा गुरांपुढे जातात. ते वापरायचे झाल्यास शेताची चौकशी आधी करावी. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आल्यापासून मक्यावर कीटकनाशकांच्या फवारण्या वाढल्या आहेत आणि सालांबाहेर उघडे असलेले केस फवाऱ्याच्या थेट माऱ्यात येतात; दाण्याला सालांचे संरक्षण असते, केसांच्या टोकांना नसते. म्हणून परसात लावलेल्या किंवा फवारणी न केलेल्या मक्याचेच केस घ्यावेत.