ग्रुनफेल्ड बचावाची पार्श्वभूमी : कोलकाता १८५५ ते व्हिएन्ना १९२२

ठाण्यात एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये रविवारची बुद्धिबळाची रॅपिड (झटपट डावांची) स्पर्धा लागली की काळी मोहरी वाट्याला आलेली बरीच मुलं पहिल्या तीन खेळ्या घड्याळावर हात ठेवूनच उरकतात : घोडा एफ६, प्यादं जी६, प्यादं डी५ (अक्षर आणि आकडा मिळून पटावरचं घर). हा ग्रुनफेल्ड बचाव, म्हणजे काळ्याने डाव सुरू करण्याची एक पद्धत. त्याचा जन्म १९२२ चा सांगतात. पण याच तीन खेळ्या त्याआधी ६७ वर्षं कोलकात्यात पटावर येऊन गेल्या होत्या, आणि त्या डावाची पूर्ण नोंद आजही उपलब्ध आहे.

काळी मोहरी महेशचंद्र बॅनर्जींकडे होती. समोर जॉन कॉक्रन, कोलकात्यात वकिली करणारे स्कॉटिश बॅरिस्टर. साल १८५५. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. युरोपात तेव्हा राजापुढचं प्यादं दोन घरं टाकायचं आणि लगेच हल्ला चढवायचा, हीच रीत. पटाचा मध्य प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकायचा आणि मग दुरून त्यावर मारा करायचा, हा विचार तिथे रुजायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

महेशचंद्र देशी नियमांच्या खेळातून आले होते. त्या खेळात प्यादं सहसा पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नसतो, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळते. मधली टक्कर सावकाश होते, म्हणून बाजूचं प्यादं एक घर सरकवून उंट तिरका बसवायला सवड मिळते. ही सवय त्यांनी युरोपीय नियमांतही सोडली नाही.

तो डाव पटावर मांडून पाहण्यासारखा आहे. पाचव्या खेळीला किल्लेकोट, सातव्या खेळीला सी३ वर घोड्यांची मारामारी, आठव्या खेळीला सी५. जी७ वरचा उंट पांढऱ्याच्या डी४ वर रोखलेला. आज हा बचाव शिकवताना हाच बेत समजावला जातो. डाव मात्र कॉक्रननी जिंकला : १८ व्या खेळीला त्यांचा घोडा एफ७ वर घुसला आणि तीन खेळ्यांत मात ठरली.

श्रेयाचा वाद इथूनच सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं असं की बचावाला नाव मिळतं ते तो सातत्याने खेळून, अभ्यासून उभा करणाऱ्याचं. १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने तो मोठ्या स्पर्धांत आणला आणि व्हिएन्नात, पुढे विश्वविजेता झालेल्या अलेखिनला त्याच बचावाने हरवलं. कोलकात्याचा एकटा, तोही हरलेला डाव त्यापुढे टिकत नाही, असं ते मानतात. व्हिएन्नाच्या कामाचं मोल मोठंच आहे. पण हा निकष सगळ्यांना सारखा लावलेला दिसत नाही. पेट्रॉफ बचाव या काळ्याच्या दुसऱ्या एका सुरुवातीत पांढऱ्याने घोडा एफ७ वर बळी देण्याची खेळी १८४८ साली कोलकात्यातच झाली, आणि तीही याच दोघांमध्ये. तिला मात्र कॉक्रन गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच दिलेला बळी) हे नाव आहे. एकाच पटावर बसलेल्या दोघांपैकी बॅरिस्टरचं नाव खेळीला चिकटलं आणि महेशचंद्रांच्या वाट्याला 'इंडियन' एवढंच आलं. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन ही बचावांची सगळी नावं त्याच शब्दावर उभी आहेत, पण त्यांत माणूस कुठेच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. डाव हरला म्हणून कल्पना दुसऱ्याची होत नाही.

पुढचा प्रवास झपाट्याचा. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये १३ वर्षांच्या बॉबी फिशरने याच बचावात वजीर देऊन गाजवलेला डाव 'शतकातील डाव' म्हणून ओळखला जातो. १९८६ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत हा बचाव खेळला गेला. २०१० मध्ये सोफियात तेव्हाचे विश्वविजेते विश्वनाथन आनंद यांनी विश्वविजेतेपदाच्या लढतीच्या पहिल्याच डावात काळ्या मोहऱ्यांनी ग्रुनफेल्ड निवडला आणि तो डाव गमावला, तरी लढत जिंकून किताब राखला. आता इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्राम) या बचावाच्या काही शाखा तिशीच्या पुढच्या खेळ्यांपर्यंत तपासतात, आणि ठाण्यातली मुलं त्या मोबाइलवर पाठ करून स्पर्धेला येतात.