लोणारचं विवर आणि ज्वालामुखीचं तोंड, नेमका फरक काय

लोणारच्या काठावर बाहेरगावचे पाहुणे उभे राहिले की विचारतातच, "भाऊ, हा जुना ज्वालामुखी आहे न?" त्यांची काही चूक नाही. गोल खड्डा, उभ्या कडा, खाली तळं, चहूकडे काळा दगड, आणि खाली उतरलं की नाकात जाणारा तो घाण वास, सगळी लक्षणं ज्वालामुखीचीच वाटतात. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली आणि त्यानंतर लय वर्षं कितीतरी अभ्यासक याला ज्वालामुखीच समजत होते. मी मेहकरकडचा, लोणार लहानपणापासून पाहिलेलं, आणि नंतर इंडोनेशियातले ब्रोमो आणि इजेन हे दोन जिवंत ज्वालामुखी चढून आलो, त्यामुळं हा घोळ एकदा नीट सोडवावा असं मनापासून वाटतं.

सगळा गोंधळ होतो तो दगडामुळं. लोणारचा काळा दगड ज्वालामुखीचाच आहे, बेसाल्ट, त्यात वाद नाही. पण तो लाव्हा बाहेर आला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही एखाद्या डोंगराच्या शेंड्यातून नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला, थरावर थर बसत गेले. म्हणून आपल्या वऱ्हाडात ज्वालामुखीचा शंकूसारखा डोंगर कुठंच सापडत नाही, आणि ज्या काळ्या रानात आपण कपाशी घेतो ती माती याच दगडाची झिजून झालेली. हा प्रकार कसा दिसत असेल ते पाहायचं तर आइसलँडला जावं लागतं, तिथं १७८३ मध्ये लाकीची २७ किलोमीटर लांब भेग फुटली होती, आणि २०२१ पासून रेक्यानेस भागात पुन्हा तशाच भेगा फुटायला लागल्या.

लोणारचा खड्डा मात्र यानंतर कितीतरी काळानं पडला. लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली होती तेव्हा वरून उल्का आली. कधी आली यावर दोन आकडे फिरतात, जुन्या मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षं आणि २०१० च्या सुमारास अरगॉन पद्धतीनं (खडकातल्या अरगॉन वायूवरून वय काढायची रीत) निघालेलं सुमारे ५.७ लाख वर्षं. मला दुसरा आकडा जास्त पटतो, कारण ती मोजणी धडकेत वितळलेल्या खडकावरच केलेली आहे. कोणताही धरा, लाव्हा आणि खड्डा यांचा एकमेकांशी संबंध एवढाच की उल्का नेमकी लाव्हाच्या दगडावर पडली.

आता आकार बघा. ब्रोमोला जाताना आधी राखेचं मोठं सपाट मैदान लागतं, मग राखेचा डोंगर, त्याला अडीचशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर चढून गेल्यावर एकदम पायाखाली धूर ओकणारं तोंड. म्हणजे ज्वालामुखीनं स्वतःच्याच राखेनं आपला डोंगर रचलेला असतो आणि तोंड त्याच्या माथ्यावर असतं. लोणारला उलटं, सपाट रानातून गाडी जाते आणि जमीनच खाली निघून जाते, व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळ्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर खोल. काठ आजूबाजूच्या रानापेक्षा थोडाच, वीसेक मीटर उंच. त्या काठावर कुठं उघडा कडा दिसला तर दोन मिनिटं थांबून थरांकडं पाहाच. बाकी वऱ्हाडात बेसाल्टचे थर आडवे असतात, इथं ते बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, कारण धडकेनं जमीन आतून उचलून बाहेर ढकलली गेली. त्याच्याही वर खड्ड्यातूनच उडून पडलेला दगडगोट्यांचा चुरा आहे, तो काठापासून किलोमीटरभर पसरलाय.

पण आकारावर पूर्ण भरवसा ठेवू नका राजेहो. माआर म्हणून एक प्रकार असतो, खालचा तप्त रस आणि जमिनीतलं पाणी एकत्र आलं की वाफेचा स्फोट होऊन असाच बसका गोल खड्डा पडतो आणि त्यात तळं साचतं. जर्मनीत आयफेल भागात असे बरेच आहेत, फोटो दाखवला तर लोणारवालाही फसेल. म्हणून खरा निकाल दगडाच्या आत लागला. १९७० च्या दशकात तळ्याच्या तळाला बोअर मारून नमुने काढले, त्यात मास्केलिनाइट सापडलं. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज न वितळताच नुसत्या दाबाच्या धक्क्यानं काचेसारखं झालं की त्याला मास्केलिनाइट म्हणतात, आणि एवढा दाब कोणत्याच ज्वालामुखीत तयार होत नाही. इथं विषय संपला. बेसाल्टवर पडलेलं हे जगातलं एकमेव विवर असं सर्रास सांगितलं जातं, ते तेवढं खरं नाही, ब्राझीलमध्ये वार्जेआवचं आहे, पण ते पार झिजलंय, आपल्यासारखं गोल नीट टिकलेलं नाही.

पाण्याचा फरक तर जिभेवर कळेल इतका टोकाचा आहे (चाखू मात्र नका). इजेनचं तळं निळंहिरवं, पाहत राहावं असं, आणि पीएच (आंबटपणा मोजायचं माप, ७ म्हणजे साधं पाणी) १ च्याही खाली, म्हणजे चक्क ॲसिड, कारण खालून ज्वालामुखीचे गॅस त्यात मिसळत राहतात. लोणारचं पाणी खारं आणि पीएच १० च्या आसपास, बाहेर जायला वाटच नाही म्हणून पाणी उडतं आणि क्षार मागं राहतात. वासही वेगळ्या कारणानं येतो. इजेनला गंधकाचा धूर घसा जाळतो, मास्क नसेल तर खाली उतरूच नये, तरी तिथले मजूर ७०-८० किलो गंधक खांद्यावर घेऊन चढतात, ते बघून बोलायला शब्द सुचत नाहीत. लोणारला काठाशी शेवाळ सडतं, त्याचा तो वास. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्याकडं कोणी कोणी म्हणाले की खाली काहीतरी जागं झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तर ते मीठ आवडणारे सूक्ष्मजीव निघाले.

एक गोष्ट दोन्हीकडं सारखी दिसली, माणसानं काठावर देव आणून बसवलाय. लोणारला तळ्याशी कमळजा देवी, ब्रोमोच्या तोंडावर गणपती, आणि तिथले टेंगर लोक कसादाच्या सणाला भाजीपाला, कोंबड्या त्या तोंडात अर्पण करतात.

हा फरक कळणं फिरणाऱ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. लोणारची धडक होऊन गेली, खाली आग नाही, तिथं सांभाळायचं ते ऊन, निसरडी पायवाट आणि अभयारण्यातली जनावरं. जिवंत ज्वालामुखी शांत दिसला तरी तसा हिशोब लागत नाही. जपानचा ओन्ताके २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी फुटला, धोक्याची सूचना सर्वात खालच्या पातळीवर असताना, ६३ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर डिसेंबर २०१९ मध्ये २२ गेले. दोन्हीकडं वाफेचा स्फोट होता, आणि वाफेचा स्फोट आधी सांगून येत नाही. इंडोनेशियात धोक्याच्या चढत्या चार पातळ्या असतात, नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास, आणि किती किलोमीटर लांब राहायचं तेही सांगतात. टूरवाला "काही नाही होत" म्हणाला तरी निघायच्या दिवशी सकाळी ती पातळी स्वतः बघा, आणि जिथून मागं राहा म्हणतात तिथून मागंच राहा, पैसे गेले तरी चालतील.

लोणारला जाणाऱ्यांना हात जोडून एकच, काठावरचे काचेसारखे काळे खडे खिशात घालून आणू नका, तोच तर सगळा पुरावा आहे. आणि आपल्याच देशात जिवंत ज्वालामुखी पाहायचा असेल तर अंदमानात बॅरन बेट आहे, पोर्ट ब्लेअरपासून (आताचं नाव श्री विजयपुरम) साधारण १४० किलोमीटर, १९९१ पासून पुन्हा अधूनमधून धुमसतंय. बेटावर पाय ठेवू देत नाहीत, बोटीतूनच पाहावं लागतं.