पोर्टेबल ॲप (लिनक्स)

लिनक्स या संगणक प्रणालीवर रीतसर इन्स्टॉल न करता एका फाइलमधून किंवा फोल्डरमधून थेट चालणारा प्रोग्राम. त्याला पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम बसवणारे साधन) लागत नाही, रूटचा म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्डही लागत नाही. ब्राउझर या रीतीने वापरला की माग उरत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

यातला सर्वांत प्रचलित प्रकार ॲपइमेज. सायमन पीटर यांनी २००४ मध्ये ‘क्लिक’ नावाने त्याची सुरुवात केली. फाइलच्या पोटात स्क्वॉशएफएस ही फक्त वाचता येणारी, दाबून बसवलेली फाइल सिस्टिम असते. फाइलला चालवण्याची परवानगी दिली की फ्यूज या लिनक्समधल्या सोयीच्या मदतीने ती फाइल सिस्टिम तात्पुरती माउंट होते, म्हणजे फोल्डरसारखी जोडली जाते. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला पत्ता) लपवणाऱ्या टॉर ब्राउझरची रीत वेगळी: फोल्डर उलगडायचा आणि आतूनच चालवायचा, त्याचे प्रोफाइलही (सेटिंग, इतिहास वगैरे वापरकर्त्याची माहिती) त्याच फोल्डरात राहते. ॲपइमेज मात्र एरवी सगळी माहिती वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्येच लिहिते. तिच्या शेजारी तिच्याच नावाचा, शेवटी ‘डॉट होम’ जोडलेला फोल्डर करून ठेवला, तर माहिती तिथे जाते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न घरातल्या सामायिक संगणकापाशी येतो. शेत बेळगाव तालुक्यात असेल तर कर्नाटकच्या ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून आरटीसी हा जमिनीचा उतारा काढायचा, चंदगडकडच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा महाराष्ट्राच्या संकेतस्थळावरून, त्याच ब्राउझरात मुलीचा व्हीटीयू या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा निकाल आणि कुणाचे तरी बँक खाते उघडे. अशा घरात फायरफॉक्सची वेगवेगळी प्रोफाइल केली तरी कुकीज, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड वेगळे राहतात. त्यासाठी पोर्टेबल प्रत लागतेच असे नाही. मात्र लिनक्समधले युजर खाते एकच असेल, तर एकाचे प्रोफाइल दुसऱ्याला उघडता येते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे हा जुना उपाय आजही सरस आहे.

पोर्टेबल म्हणजे बंदिस्त नव्हे. ॲपइमेजमधला प्रोग्राम वापरकर्त्याच्या सगळ्या फाइली वाचू शकतो. त्याला कोंडण्यासाठी फायरजेल किंवा बबलरॅप यांसारखे वेगळे साधन लागते. क्रोमियम (क्रोमचा मुक्त गाभा) वापरून घडवलेले ब्राउझर स्वतःला कोंडून घेण्यासाठी युजर नेमस्पेस ही लिनक्सची सोय वापरतात. उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या आवृत्तीत ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने तिच्यावर निर्बंध आणल्याने अशी अनेक ॲपइमेज सुरूच होत नाहीत. त्यावर ही कोंडण्याची व्यवस्था बंद करणारा ‘नो-सँडबॉक्स’ हा पर्याय सर्रास सुचवला जातो. खासगीपणासाठी ब्राउझर घ्यायचा आणि त्याची आतली तटबंदीच पाडायची, हा उफराटा कारभार झाला.

शिवाय पोर्टेबल ब्राउझर वापरला तरी आयपी पत्ता तोच राहतो. तो लपवण्याचे काम टॉरचे. सायबर कॅफेत तर २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार ग्राहकाच्या ओळखीची आणि पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष ठेवावी लागते. तिथल्या विंडोज संगणकावर लिनक्सची ॲपइमेज चालणारही नाही. कॅफेवाल्याने परवानगी दिली, तर टेल्ससारखी खासगीपणासाठी बनवलेली लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून बूट (सुरू) करता येते, पण की-बोर्डच्या वायरीत बसवलेल्या टाइप केलेली अक्षरे टिपणाऱ्या चोरयंत्रापुढे तीही हतबल आहे.

पेन ड्राइव्ह फॅट प्रकारात फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर लिनक्सची चालवण्याची परवानगी साठवली जात नाही; त्यापेक्षा लिनक्सचा एक्स्ट४ हा प्रकार बरा. बहुतेक ॲपइमेज आपोआप अद्ययावत होत नाहीत, म्हणून ब्राउझरची नवी फाइल मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून वेळोवेळी स्वतःच उतरवून घ्यावी लागते.