सराउंड ध्वनिप्रणाली, घरगुती

श्रोत्याच्या समोर, बाजूंना व मागे स्पीकर मांडून चित्रपटातील ध्वनीला दिशा व अवकाश मिळवून देणारी, घरातल्या खोलीसाठी योजलेली यंत्रणा. रूढ ५.१ मांडणीत समोर डावा, मधला व उजवा असे तीन स्पीकर, बाजूंचे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर (नावातील ‘.१’) असतो. ७.१ मध्ये पाठीमागच्या दोन स्पीकरांची भर पडते.

उगम : या मांडणीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. ध्वनिअभियंता ॲलन ब्लमलाइन यांचा स्टिरिओ ध्वनीविषयीचा १९३१ चा ब्रिटिश पेटंट-अर्ज आणि बेल लॅबोरेटरीजने एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तीन वाहिन्यांवरून (स्वतंत्र ध्वनिमार्गांवरून) वॉशिंग्टनला ऐकवण्याचा केलेला प्रयोग, हे दोन्ही पाया म्हणून सांगितले जातात. परंतु त्यांत ध्वनी श्रोत्याच्या समोरच राहतो. मागून येणाऱ्या ध्वनीचा चित्रपटातील पहिला ठळक वापर म्हणून बहुतेक अभ्यासक ‘फँटासिया’ (१९४०) साठी डिस्ने व आरसीए यांनी उभारलेल्या ‘फँटासाउंड’कडे बोट दाखवतात. तीत तीन ध्वनिपट्ट्या व एक नियंत्रणपट्टी वेगळ्या फिल्मवर असे. यंत्रणा अवजड व महाग होती, त्यातच युद्ध आले, आणि ती मोजक्याच चित्रपटगृहांपुरती राहिली.

५.१ ची वंशावळ मात्र फँटासाउंडपेक्षा ७० मिमी फिल्मशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. या फिल्मवर सहा चुंबकीय ध्वनिपट्ट्या असत; पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी व एक प्रेक्षागृहासाठी. १९७७ च्या सुमारास डॉल्बी या ध्वनितंत्र कंपनीने पडद्यामागच्या पाचांपैकी दोन पट्ट्या खर्जासाठी वळवल्या. त्याच दोन पट्ट्यांच्या वरच्या कंप्रतांत (कंप्रता म्हणजे दर सेकंदाची कंपने; एकक हर्ट्झ) डावा व उजवा असा वेगळा सराउंड ध्वनी भरण्याची युक्ती ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) मध्ये पूर्णत्वाने वापरली गेली. म्हणजे समोर तीन, बाजूंना दोन व खर्ज हा आराखडा तेथे सिद्धच होता. ‘५.१’ हे नाव १९८७ मध्ये अमेरिकेतील चित्रपट-अभियंत्यांच्या समितीत ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होलमन यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. खर्जवाहिनीची मर्यादा १२० हर्ट्झ व पूर्ण वाहिनीची सुमारे २४,००० हर्ट्झ धरली, तर खरा आकडा ५.००५ येतो; .१ ही सोयीची गोळाबेरीज आहे. आराखड्याचे श्रेय ७० मिमीच्या ध्वनिसंयोजकांना व नावाचे होलमन यांना, अशी विभागणी करावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भारतात ‘शोले’च्या (१९७५) ७० मिमी प्रतींना स्टिरिओफोनिक ध्वनी होता. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला; मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीची बहुवाहिनी ध्वनीशी पहिली ओळख बहुधा तेथेच झाली असावी. घरगुती उपयोगासाठी डॉल्बी सराउंड १९८२ मध्ये, त्याची सुधारित आवृत्ती प्रो लॉजिक १९८७ मध्ये आणि स्वतंत्र वाहिन्यांचा डिजिटल ध्वनी १९९५ पासून लेझरडिस्कवर आला. त्याचा खरा प्रसार डीव्हीडीने केला.

निवड : स्पीकरांच्या संख्येहून खोली अधिक निर्णायक ठरते. समांतर भिंतींमध्ये खर्जाचे स्थिर तरंग तयार होतात. त्यांतील सर्वांत खालची कंप्रता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले भिंतींमधील अंतराची दुप्पट. सदनिकेतील १५ × १० फुटांच्या हॉलमध्ये ती लांबीच्या दिशेने सुमारे ३८ व रुंदीच्या दिशेने ५७ हर्ट्झ येते. या कंप्रता भिंतीलगत फुगतात व खोलीच्या ऐन मध्यावर जवळजवळ नाहीशा होतात. सोफा मागच्या भिंतीला टेकवला की खर्ज घुमतो तो यामुळे, आणि महागडा सबवूफर घेऊन तो दोष जात नाही. सोफा मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण एक-तृतीयांश पुढे ओढला, तर पुष्कळ सुधारणा होते. चौरस खोलीत दोन्ही दिशांचे तरंग एकाच कंप्रतेवर येत असल्याने ती सर्वांत अवघड. फरशी व उघड्या भिंतींमुळे संवाद खणखणीत पण अस्पष्ट होतात. सतरंजी, जाड पडदे व पुस्तकांची मांडणी यांचा चांगला उपयोग होतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार समोरचे दोन स्पीकर श्रोत्याच्या मध्यरेषेपासून ३०° वर व बाजूंचे १००° ते १२०° वर असावेत. अंतरे असमान असल्यास रिसीव्हर (स्पीकरांना ध्वनी पुरवणारे मुख्य यंत्र) जवळच्या स्पीकरचा ध्वनी थोडा उशिरा सोडतो. १ मीटरच्या फरकाला सुमारे ३ मिलिसेकंद. हे आवश्यक असते, कारण आधी पोचलेला ध्वनी कान दिशा म्हणून स्वीकारतो (हेल्मुट हास, १९४९). सुमारे ८० हर्ट्झखाली दिशा ओळखणे कठीण असल्याने सबवूफर कोठेही ठेवता येतो, परंतु तो कोठे ठेवला यावर खर्जाची समता अवलंबून असते.

संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून पैसे मर्यादित असल्यास ते प्रथम त्यावर खर्चावेत, आणि समोरचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील असावेत. जाहिरातीतील वॉटचे आकडे पुष्कळदा एक-दोन वाहिन्याच चालू ठेवून मोजलेले असतात. शिवाय शक्ती दुप्पट केल्याने ध्वनी केवळ ३ डेसिबेल वाढतो. ८४ ऐवजी ९० डेसिबेल संवेदनशीलतेचा (ठरावीक शक्तीला मिळणाऱ्या आवाजाचा) स्पीकर घेतल्यास चौपट शक्तीचे काम होते. लहान खोलीत ७.१ पेक्षा नीट मांडलेली ५.१ श्रेयस्कर. साउंडबार (अनेक स्पीकर एकाच लांब पेटीत) ही जागेची तडजोड होय.

डॉल्बी ॲटमॉस (चित्रपटगृहांत २०१२, घरी २०१४) यात छतावरील ध्वनीची भर पडते. वर रोखलेले स्पीकर छतावरून ध्वनी परतवतात, त्यासाठी छत सपाट व कठीण हवे; सिमेंटच्या स्लॅबखाली ते चालतात. कौलारू किंवा तुळयांच्या छताखाली स्पीकर वरच टांगावे लागतात.