एफ.वाय.चे गणित उलटे का चालते : नांदगावपासून रत्नागिरीपर्यंतची एक पार्श्वभूमी

पत्र्यावर पाऊस इतका वाजत असतो की शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही. एफ.वाय.बी.एस्सी.चा वर्ग, गणिताचा तास, फळ्यावर वास्तव संख्यांचे, म्हणजे संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्यांचे, गुणधर्म. बारावीला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची गणिते भराभर सोडवून आलेली मुले पहिले पंधरा दिवस गोंधळून बसलेली असतात. कुठल्याही दोन संख्यांच्या मध्ये तिसरी असते, हे आता सिद्ध करायचे? मग कोणीतरी धीर करून विचारतेच, "सर, कॅल्क्युलस कधी सुरू होणार?" मी अनेक वर्षे "हेच कॅल्क्युलस" असे म्हणून वेळ मारून नेली. उत्तर चूक नव्हते, पण मुलांचा गोंधळही खोटा नव्हता.

कॅल्क्युलसच्या पुस्तकातली प्रकरणे त्यांच्या जन्मसालांसह मांडून पाहावीत. पहिले प्रकरण वास्तव संख्यांचे. त्याची आजची मांडणी डेडेकिंडने १८७२ साली छापली. दुसरे सीमेचे, म्हणजे लिमिटचे. तो पाया कोशीने १८२१ साली घातला आणि एप्सिलॉन-डेल्टाची काटेकोर भाषा वायरश्ट्रासने नंतर दिली. तिसरे डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे क्षणाक्षणाच्या बदलाच्या वेगाचे. लायब्निट्सचा त्यावरचा पहिला लेख १६८४ चा. शेवटी इंटिग्रेशन, म्हणजे क्षेत्रफळे, घनफळे. ती तर आर्किमिडीज दोन हजार वर्षांपूर्वी काढत होता. सगळ्यात शेवटी उमगलेली गोष्ट पहिल्या पानावर आणि सगळ्यात जुनी शेवटच्या. शेजारचा बीजगणिताचा पेपर त्या मानाने सरळ चालतो. भाज्य-भाजक, मसावि, बहुपदी, समीकरणे, साधारणपणे माणसाला सुचली त्याच क्रमाने.

बीजगणिताचे मूळ सांगायला फार वेळ नको. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्य आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात राशींना 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक' अशी नावे वापरली, म्हणजे पहिलीनंतरच्या अज्ञातांना चक्क रंगांची. अल्-ख्वारिज्मीच्या नवव्या शतकातल्या ग्रंथाच्या नावातून 'अल्जिब्रा' हा शब्द युरोपात गेला, आणि अज्ञातासाठी शेवटची अक्षरे वापरण्याची सवय देकार्तने १६३७ मध्ये लावली. मराठीने त्या अक्षराचा 'क्ष' केला. दवाखान्यातला क्ष-किरण आणि समीकरणातला क्ष हे सख्खे भाऊ आहेत, हे सांगितले की वर्ग हमखास हसतो.

आता कोकणाकडे येऊ. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात केशव दैवज्ञांच्या घरी गणेश दैवज्ञ झाले. त्यांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० चा. पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातली पंचांगे या ग्रंथावर चालली. त्याचे वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते: ग्रहगणित असूनही त्यात ज्या आणि चाप नाहीत. आजच्या भाषेत सांगायचे तर साइन-कोसाइनचे कोष्टक जवळ न ठेवता गणेश दैवज्ञांनी ग्रहांची स्थाने काढायची सोय केली. साइनच्या जागी त्यांनी बेरीज-वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढ्यावर भागणारी सूत्रे बसवली.

ही युक्ती किती जवळ पोचते ते पाहण्यासारखे आहे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचे याच घाटणीचे एक सूत्र आहे. कोन क अंश असेल तर क ला (१८० − क) ने गुणा. आलेल्या गुणाकाराची चौपट अंशस्थानी ठेवा आणि तोच गुणाकार ४०५०० मधून वजा करून छेदस्थानी ठेवा. क = ३० घेतला तर १८००० भागिले ३६०००, बरोबर अर्धा. ९० अंशांना बरोबर १. ४५ अंशांना ०.७०५९ येते, खरी किंमत ०.७०७१. दशावतारी नाटकातल्या राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो, पण समईच्या उजेडात कोणाला कळते? तसेच हे. पंचांगापुरते पुरते. मात्र ग्रहांच्या धरलेल्या सरासरी गतीतली बारीक चूक वर्षानुवर्षे साठत जाते आणि एक दिवस ग्रहण सांगितल्या वेळेला लागत नाही. नेमके हेच पुढे घडले, त्याकडे येतोच.

त्याच गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. त्यात नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. नियम कुठून आला हे सांगण्याची त्यांची हौस उघड दिसते. कोकणी माणसाला "कशावरून?" विचारायची खोड जुनीच.

गावच्या पंतोजींच्या शाळेत यातले काही पोचत नव्हते. तिथे धूळपाटी, उजळणी आणि अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. नारळ-सुपारीच्या हिशेबाला आणि खंडी-मणाच्या मापाला याहून जास्त लागत नव्हते. हे गणित कमअस्सल होते असे मला अजिबात वाटत नाही. आमच्या एफ.वाय.च्या मुलांपैकी कोणाला साडेतीन सत्ते विचारले तर हात मोबाइलकडे जातो.

इंग्रजी अमलात पुस्तके आली. जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनिअरने शास्त्रीमंडळींच्या मदतीने मराठीत गणिताची पुस्तके तयार करवली. आणि मग देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आले. लोकांना ते १८३२ च्या 'दर्पण'मुळे ठाऊक आहेत. एल्फिन्स्टनमध्ये ते गणित शिकवत, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. डिफरन्शियल कॅल्क्युलसवर मराठीत त्यांनी पुस्तक लिहिले आणि त्या विषयाला नाव दिले 'शून्यलब्धि'.

या शब्दापाशी मी थांबतो. जुन्या अंकगणितात लब्धि म्हणजे भागाकाराचे उत्तर. तेव्हा शून्यलब्धि म्हणजे, मी तरी असे वाचतो, शून्याला शून्याने भागून हाती येणारे. डेरिव्हेटिव्हची सगळी अडचण या एका शब्दात आहे. वेग काढायचा तर अंतराला वेळेने भागायचे. पण या क्षणाचा वेग हवा असेल तर अंतरही शून्य आणि वेळही शून्य. बिशप बर्कलीने १७३४ मध्ये न्यूटनच्या अनुयायांची याच मुद्द्यावर खिल्ली उडवली होती: ही राशी आधी आहे म्हणून भागता, मग नाही म्हणून टाकून देता, हा काय व्यवहार? पुढे आपल्याकडे 'चलनकलन' आले, मराठी विश्वकोशाने 'अवकलन व समाकलन' म्हटले. हे शब्द नेटके आहेत, पण अडचण लपवतात. 'शून्यलब्धि'त ती उघडी आहे.

समुद्राकाठच्या मुलांना मी हे भरतीवरून सांगतो. पाणी पूर्ण भरले की थोडा वेळ ते जागचे हलत नाही, मग ओहोटी लागते. मधल्या तासांत ते सगळ्यात जोरात चढते किंवा उतरते. उधाणाची भरती असो की भांगाची, वरच्या टोकाला वेग शून्य, हे होडीवाल्याला पाठ असते. भास्कराचार्यांनी ग्रहांबद्दल हेच लिहून ठेवले आहे: ग्रहाचे मंदफल (सरासरी स्थानात करायची दुरुस्ती) जिथे सर्वाधिक होते तिथे गतिफल (गतीतली दुरुस्ती) शून्य असते. बारावीच्या मॅक्झिमा-मिनिमाच्या गणितात 'डेरिव्हेटिव्ह बरोबर शून्य' ही जी पहिली ओळ मुले डोळे मिटून लिहितात, ती हीच.

अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना (१८२५–१८८४), ही पुढची कडी. कुलाबा वेधशाळेत ऑर्लेबार या प्राध्यापकाच्या हाताखाली ते घडले. ग्रहलाघवी पंचांग आणि आकाश यांचा मेळ बसेना तेव्हा त्यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक १८६० मध्ये मराठीत दिले. नांदगाव आणि नागाव एकाच किनाऱ्यावरची. एका गावाने कोष्टके काढून टाकली, दुसऱ्याने साडेतीनशे वर्षांनी नवी आणून बसवली. आणि या नव्या कोष्टकांच्या मागे कॅल्क्युलसवर उभे असलेले खगोलगणित होते. हा सगळा इतिहास आपल्याला सलग वाचायला मिळतो तो शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात. तेही मुरूडचेच, पण दापोलीच्या मुरूडचे. कोकणात मुरूड दोन आहेत आणि दोघांनीही गणिताला हात लावला.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि विषयांचा क्रम विलायतेच्या वळणाने ठरू लागला: आधी बीजगणित, मग त्रिकोणमिती, मग निर्देशक भूमिती, मग कॅल्क्युलस. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेची छाप यावर होती. खुद्द केंब्रिजात शतकभर न्यूटनची टिंबे (डेरिव्हेटिव्हसाठी अक्षरावर द्यायचे ठिपके) कुरवाळत बसले होते. बॅबेज आणि त्याच्या मित्रांनी १८१२ मध्ये मंडळ काढून लायब्निट्सची खूण आणण्याची चळवळ केली, म्हणून आपल्या फळ्यावर आज डीवाय बाय डीएक्स आहे. कॉलेजातली पुस्तके इंग्रजी झाली. जांभेकरांनी मराठीत सुरू केलेली वाट तिथे बुजली, आणि ती बुजल्याचे दुःख मला पुढे येणाऱ्या रँग्लर परांजप्यांच्या कौतुकातसुद्धा होते.

कौतुक मात्र आहेच. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८७७ साली गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. डेक्कन कॉलेजात त्यांना शिकवायला केरूनानाच होते. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये सीनिअर रँग्लर झाले. हा पहिला नंबर त्यांनी जॉर्ज बर्टव्हिसलबरोबर विभागून मिळवला आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. 'रँग्लर' हा शब्द मराठीत आडनावाच्या आधी लावायची पदवी होऊन बसला. मूळ अर्थ वाद घालणारा, भांडणारा, हे आमच्याकडे कोणी सांगत नाही. सांगितले असते तर कोकणातून आणखी रँग्लर निघाले असते. परांजपे परत आले आणि १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून गणित शिकवू लागले.

या यादीत सगळ्यांची जन्मगावे कोकणात आहेत आणि सगळ्यांची कॉलेजे मुंबई-पुण्यात. रत्नागिरीत कॉलेज १९४५ मध्ये निघाले, विद्यापीठानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. तेच आजचे गोगटे-जोगळेकर. सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय १९६१ चे. तोवर कॅल्क्युलस शिकायचे तर बोटीने मुंबई गाठायची किंवा घाट चढायचा. ज्याच्या घरी तेवढे पैसे नाहीत त्याचे गणित मॅट्रिकला संपायचे. किती जणांचे संपले, त्याची नोंद कुठल्याच गॅझेटिअरात नाही.

आता त्या उलट्या क्रमाकडे. न्यूटन-लायब्निट्सच्या हाती रीत आली, उत्तरे बरोबर येऊ लागली, आणि दीडशे वर्षे लोकांनी पाया न तपासता माडी चढवली. पाया तपासायची वेळ कोणावर आली? शिकवणाऱ्यावर. कोशीचे १८२१ चे पुस्तक पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी होते. डेडेकिंड तर स्वतःच सांगतो की १८५८ मध्ये झुरिकला कॅल्क्युलस शिकवताना, वाढत जाणारी पण मर्यादेत राहणारी राशी कुठेतरी जाऊन टेकतेच, हे समजावायला त्याला आकृतीचा आधार घ्यावा लागला आणि ते त्याला खटकले. म्हणून त्याने वास्तव संख्यांची नवी मांडणी केली आणि चौदा वर्षांनी छापली. आमच्या मुलांना जे प्रकरण डोईजड होते ते कोणा मास्तराच्या वर्गातल्या अडखळण्यातून जन्मले आहे. आम्ही ते प्रकरण आधी शिकवतो, पण ते अडखळणे सांगत नाही. माझ्या मते चूक इथे आहे, क्रमात नाही. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नवी कल्पना आणि नवी भाषा यांचे ओझे एकाच आठवड्यात उचलावे लागते. 'शून्यलब्धि' त्याच्या कानावर पडली असती तर निदान एक ओझे हलके झाले असते.

या सगळ्या रांगेत न बसणारा एक माणूस शिल्लक राहतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ मध्ये त्यांना गणिताचे जे पारितोषिक मिळाले ते रँग्लर परांजप्यांच्याच नावाचे होते. पदवीनंतर त्यांनी देवळालीला शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवले. ६१७४ हा त्यांचा अंक जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याला कॅल्क्युलस लागत नाही, बीजगणितही बेताचे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात खेपांत ६१७४ येते आणि तिथेच राहते.

पावसाचा आवाज फारच वाढला की मी पुस्तक मिटतो आणि फळ्यावर रत्नागिरीच्या कॉलेजचे साल लिहितो, १९४५. ९५४१ वजा १४५९, ८०८२. मुले वह्यांवर वाकतात. ८८२० वजा ०२८८, ८५३२. शेवटच्या बाकाला माझा आवाज अजूनही ऐकू येत नसतो, पण ८५३२ वजा २३५८ किती, हे तिकडूनच आधी ओरडून सांगितले जाते.