तीर्थन नदीवरील ट्राउट मासेमारी

हिमाचल प्रदेशाच्या कुल्लू जिल्ह्यात तीर्थन नदीवर गळ टाकून ट्राउट मासा धरण्याचा छंद. कोकणात खाडीकाठी बसून मासे गरवतात, त्याच कुळातली ही कला. पण इथे एका जागी बसून भागत नाही. गुडघाभर बर्फगार पाण्यात उतरायचे आणि प्रवाहाविरुद्ध एकेक पाऊल वर सरकत मासा शोधायचा.

तीर्थन ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातल्या हिमशिखरांखाली उगम पावते आणि गुशैणी, बंजार या भागांतून वाहत लारजीजवळ बियास नदीला येऊन मिळते. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

ट्राउट मूळचा इथला नाही. ब्रिटिश अमदानीत स्कॉटलंडहून आणलेली तपकिरी ट्राउटची अंडी १९०० मध्ये काश्मीरमध्ये जगली. त्या कामात फ्रँक मिचेल यांचा पुढाकार होता. पुढे १९०९ मध्ये जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याने कुल्लूत माहिली येथे हा मासा आणला. नंतर इंद्रधनुषी ट्राउटही आला. या नद्यांचा खरा रहिवासी म्हणजे असेला हा इथला मूळचा मासा. पाहुण्याचे कौतुक करताना त्याचा विसर पडू नये. तपकिरी ट्राउट लहान मासे खातो आणि अन्नासाठी, जागेसाठी असेलाशी स्पर्धाही करतो.

या माशाला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तापमान २० अंशांपलीकडे गेले की तो अस्वस्थ होतो. उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये तो टिकत नाही, याचे कारण हेच.

ट्राउट धरायचा तर आधी पाणी वाचता यावे लागते. प्रवाहात बैलाएवढा धोंडा असेल, तर त्याच्या मागे हातभर शांत पाणी असते. मासा तिथे वरच्या दिशेला तोंड करून जवळजवळ स्थिर असतो. शेजारच्या धारेतून किडा वाहत आला की बाजूला सरकून टिपतो आणि पुन्हा जागेवर येतो. म्हणून गळ टाकणारा खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जातो. पाण्यातला एखादा दगड उलटून पाहिला, तर त्याला वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळकांडी दिसतात. आत अळी असते. हे माशाचे रोजचे जेवण, आणि गळाला बांधलेली पिसा-दोऱ्याची माशी याच किड्यांची नक्कल. ही माशी वजनाने इतकी हलकी की ती स्वतः फेकली जात नाही; जाड दोरीचे वजन काठीच्या झोक्याने पुढे जाते आणि माशी तिच्यामागून येते. पाण्यावर पडल्यावर ती प्रवाहाच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोरी ताणली जाऊन माशी जराशी फरफटली, तरी अनुभवी ट्राउट तोंड फिरवतो. माशीऐवजी चकाकता धातूचा चमचा ओढूनही मासे मिळतात, पण त्यात पाणी वाचण्याची ही गोडी नाही.

मासा सोडून द्यायचा असेल तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो.

नदी आज वाहती आहे, याचे श्रेय खोऱ्यातल्या माणसांना. इथे जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते. माजी आमदार दिलेराम शबाब यांच्यासह स्थानिकांनी विरोध केला आणि तीर्थन प्रकल्पांपासून मुक्त राहिली. धरणाने पाणी अडवले किंवा बोगद्यात वळवले, की खालचे पात्र आटते आणि तापते. तिथे ट्राउट आणि असेला दोघेही संपतात.

मासेमारीसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीचा हंगाम म्हणून बंदी असते. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. ५ अंशांच्या पाण्यात ती उबायला जवळजवळ तीन महिने लागतात. त्या दिवसांत तळाशी धुऊन काढल्यासारखा फिकट पट्टा दिसला, तर त्यावर पाय ठेवू नये. अंडी त्याखालीच असतात.